अकरा पिसांची जुडी

वेसिया, १२ मार्च १९७५

प्रिय बेनिल्दे,

तू माझी माशी तोंडात घातलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. येत्या मे महिन्यात त्याला तीन वर्षं होतील. नदीवर किडे उठले होते, ट्राउट मासे पाण्याबाहेर तोंडं काढून ते टिपत होते आणि माझ्या गळाकडे एकही ढुंकून बघत नव्हता. मी चिडून काठी दगडावर आपटली. तू पुलाच्या कठड्यावर पाय हलवत बसली होतीस. खाली उतरलीस, काही न विचारता माझ्या दोऱ्याला लोंबकळणारी, माशांना फसवायला गळावर बांधलेली रेशमाची माशी धरलीस, गळाचं टोक बोटांत सांभाळलंस आणि चक्क जिभेवर ठेवलीस. मग ती उन्हात धरून म्हणालीस, "हे बघा कॉलेजवाले. कोरडी होती तेव्हा पिवळी. आता? भाजलेला वाटाणा. पाण्यातला किडा कोरडा बघून बांधतात होय?" मी लेओनला जनावरांच्या डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बैलाच्या चारी पोटांची नावं पाठ होती. पण माशी ओली करून बघायचं कुणी शिकवलं नव्हतं.

आत्ता मी जिथं बसून लिहितोय ती जागा तुझी आहे. खिडकीखालचा बाक, डावीकडे रेशमाच्या रिळांचा खण, कडेला तू सुरीनं कोरलेलं तुझ्या नावाचं अक्षर. तुला कुणी सांगितलं असेल-नसेल, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी तुझ्या बाबांच्या, एवारिस्तोकाकांच्या हाताखाली आहे. नाताळात तू बिएलहून त्यांना कार्ड पाठवतेस ते मीच वाचून दाखवतो. 'बरी आहे. थंडी फार. घड्याळांचं काम जमतंय. तब्येत जपा.' दोन्ही वर्षं तेच. काका म्हणतात, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचतो. "एवढंच?" "एवढंच." मग कार्ड रेशमाच्या खणात जातं. बेनिल्दे, तुझ्या बाबांचे डोळे गेलेत. पूर्ण नाही, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं म्हणतात. हे तुला कळवायला त्यांनी मला सक्त मनाई केली होती. आणि मला जे कळवायला हवं होतं, त्याला मनाई करणारा मीच होतो. बिशप कोंबड्याचं काय झालं हे मी तुला कधीच खरं सांगितलं नाही. तू घराला मुकलीस ती त्याच्यापायी आणि माझ्या गप्प बसण्यापायी. आज ते लिहून टाकणार आहे. कागद फाडून फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

पण आधी थोडं चांगलं लिहू दे. नाहीतर धीर व्हायचा नाही. ते रविवार आठवतात? सकाळच्या छोट्या गाडीनं मी लेओनहून यायचो, घरमालकीणबाईंना सांगायचो मासे धरायला चाललोय, आणि दिवसभर तुझ्यामागून गुडघाभर पाण्यात दगड उलटे करत हिंडायचो. दगडाच्या पोटाला चिकटलेले ते चपटे, सहा पायांचे, काळपट जीव. "हे वर्षभर असे अंधारात असतात," तू म्हणायचीस, "मग एक दिवस वर येतात, कातडी टाकतात, पंख वाळवतात आणि दुसऱ्या संध्याकाळी खलास. मासा त्या एका दिवसासाठी टपून असतो. म्हणून आपणही असायचं." तू एक पंखवाला अलगद पकडून पाण्याच्या पेल्यात ठेवायचीस आणि घरी आल्यावर त्याच्यासाठी रेशीम निवडायचीस. धाग्याचं टोक ओठात भिजवून उजेडाकडे धरायचं, आणि मगच रंग ठरवायचा. मला रंगांची नावं पिवळा, हिरवा, तपकिरी एवढीच येत होती. तुझी वेगळीच. कापून पाच मिनिटं ठेवलेल्या सफरचंदाचा. कपाच्या तळाशी राहिलेल्या दूधकॉफीचा. पाद्रीबाबांच्या उन्हाळ्यातल्या झग्याचा. मी हसायचो, तर म्हणायचीस, "हस. मासे नाही हसत."

मी शहरातून एक लोखंडी चिमटा आणला होता, गळ घट्ट धरून ठेवायला. काकांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि विचारलं, "कुणाचे दात काढायचेत?" मग मीही गळ डाव्या हाताच्या चिमटीत धरायला शिकलो. पहिला महिनाभर माशी कमी आणि बोटांत रुतलेले गळ जास्त. तू बांधायला बसलीस की मला काम सुचायचं नाही. पाच-सहा वेढे, पिसाचे तंतू, पुन्हा वेढे, गाठ, आणि शेवटी दोरा दातांनी टक्कन तोडायचा. त्या 'टक्'साठी मी आठवडाभर शरीरशास्त्राची पानं उलटत बसायचो. खरं म्हणजे उलटतही नव्हतो.

आणि कोंबडे. तुमच्या मागच्या अंगणातले ते नऊ नबाब, आणि त्यांत बिशप. गावच्या यात्रेला येणाऱ्या बिशपसारखाच चालायचा, पोट पुढे आणि कुणाकडे न बघता. जानेवारीत चंद्र उतरणीला लागला की काका त्याला गुडघ्यांत धरून पाठीवरची पिसं एकेक करून उपटायचे, आणि मग वाइनमध्ये बुडवलेला पावाचा तुकडा त्याच्यापुढे धरायचे. "माफी असावी, महाराज." काय पीस होतं ते! तांबूस ठिपक्यांचं, मधाच्या बरणीतून ऊन आल्यासारखं. मे महिन्याच्या मोठ्या माशीला ते पाण्यावर असे पंख द्यायचं की आपल्यालाही ती उडून जाईल असं वाटावं. मला आठवतं, तू पिसं लांबीप्रमाणे लावून द्यायचीस आणि काका बाराची जुडी बांधायचे, मुळाशी दोऱ्याचे तीन वेढे. अकराची जुडी या घराचा उंबरा ओलांडत नाही. एका पिसासाठी जुडी तीन महिने अडलेली मी पाहिली आहे. बिलबावचा तो जाडा वकील काकुळतीला आला होता, "द्या हो अकराच, मी काही म्हणत नाही!" तर काका म्हणाले, "तुम्ही नाही म्हणणार. पण या दरीत अपुरी जुडी हातात ठेवली की माणूस समजतो, आपल्याला परत बोलावलंय. तुम्हाला कोण बोलावतंय?"

आता बिशपचं. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण त्यात तुला माहीत नसलेलं मिसळलेलं आहे. त्या जानेवारीत आमचा कोंबड्यांच्या जातींचा तास चालू होता. प्राध्यापक म्हणाले, कुरुएन्यो नदीकाठच्या, म्हणजे आपल्याच लोकांचा समज आहे की त्यांची हवा कोंबड्याच्या पाठीला पॉलिश करते, आणि दरीबाहेर नेला की पिसातलं पाणी उतरतं. वर्ग खदाखदा हसला. माझ्या डोक्यात राख. उभा राहून ओरडलो, "खरं आहे ते!" "कुणी नेऊन पाहिलंय?" "मी आणतो!" विचार कर, काय बोलून बसलो. तुझ्या बाबांचं म्हणणं खरं ठरवायला मला त्यांच्याच कोंबड्याचं पीस मारावं लागणार होतं. दुसरा एखादा चालला असता. पण मला बिशपच हवा होता, म्हणजे फरक आंधळ्यालाही दिसेल. हा शब्द तेव्हा मी सहज वापरला होता.

तुला मी सांगितलं वजन करायचं आहे, फोटो काढायचे आहेत. त्या वर्षीची पिसं अजून उपटायची होती आणि काका ओव्हिएदोला डोळे दाखवायला तुझ्या आत्याकडे गेले होते, दोन आठवडे. कांद्याच्या टोपलीत बिशपला घालून तू माझ्या हातात दिलंस. "ते यायच्या आत आणतोस ना?" "शपथ." लेओनला नेऊन मी त्याची जुनी पिसं उपटली, पण नवी दोन आठवड्यांत कुठली यायला? प्राध्यापक म्हणाले थांब, मी थांबलो; बिशप माझ्या खोलीच्या जिन्याखाली. काका परत आले, खुराड्यात आठच. तू म्हणालीस, कडी लावायला विसरले, कोल्ह्यानं नेला. आणि मला चिठ्ठी लिहिलीस: 'आता आणलास तर तूच सांग त्यांना.' ती चिठ्ठी मी वहीत ठेवली. उत्तर दिलं नाही. वाटलं, आधी पीस येऊ दे, मी खरा ठरू दे, मग दोघांनाही एकदमच सांगू. काका खूश होतील!

एप्रिलमध्ये पीस आलं. राखेसारखं. मधाची बरणी कुणीतरी पुसून ठेवली होती. मी खरा ठरलो होतो, बेनिल्दे, आणि ते पीस घेऊन वर्गात गेलो तर प्राध्यापक म्हणाले, "जिन्याखाली ठेवलास, शिळा पाव घातलास, अजून काय होणार?" पुन्हा सगळे हसले. मी टेबल उलटवलं आणि दार असं आपटलं की काच खळ्ळकन खाली आली. तिथं माझं कॉलेज संपलं. तसाच खोलीवर आलो. आमच्या साग्रारिओबाई, ज्यांच्याकडे मी जेवूनखाऊन राहत होतो, त्यांनी चेहरा बघून पुढ्यात गरम सूप ठेवलं. छान होतं. दोन ताटल्या प्यालो. तिसरी वाढताना म्हणाल्या, "पहाटे चारला बांग द्यायचा मेला, सगळे भाडेकरू कावले होते. म्हटलं तुलाही आता त्याचं काम नाही." तुला मी सांगितलं होतं, तो आजारी पडून मेला, मी त्याला नदीकाठी पुरलं. नाही गं. बिशपला मी खाल्लंय. कुणाला सांगितलं तर माणूस हसेल. मला दोन वर्षांत एकदाही हसू आलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मी काय बघितलं ते मला लिहायला हवं. मे उजाडला, नदीवर किडे उठले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात मोठी माशी बांधायला पीस नव्हतं. लोक येत होते, काका त्यांना दारातूनच परत लावत होते. त्या शनिवारी मी इथंच, या बाकावर बसलो होतो. तू दुसऱ्या कोंबड्याची पिसं पुढे ओढलीस. "बाबा, याच्यावर करून बघते." काका म्हणाले, "ज्या हाताला कडी लावायची आठवण राहत नाही, त्या हातानं माझ्या पिसांना शिवायचं नाही." तू माझ्याकडे बघितलंस. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी मात्र विचार करत होतो की आधी तुला मागणी घालतो, त्यांनी हो म्हटलं की सांगतो. आधी सांगितलं तर मागणीच संपली. नाकावर राग घेऊन हिंडणारा मी, काचा फोडणारा मी, तेव्हा रिळाला गुंडाळलेला दोरा उगाच सोडत बसलो होतो.

त्यानंतर तू पिसांना हात लावला नाहीस. सप्टेंबरात तुझी मैत्रीण परदेशी, बिएलच्या कारखान्यात जायला निघाली, तिथं घड्याळं जुळवायला बारीक बोटांच्या मुली हव्या होत्या, आणि तू तिच्याबरोबर नाव दिलंस. स्टेशनवर मी धावत आलो. मला वाटलं होतं तू रडशील, शिव्या घालशील, मला बरं वाटेल असं काहीतरी करशील. तू खिडकीतून म्हणालीस, "घरावरून जाशील तर कोंबड्यांच्या दाराची कडी लागलीय का बघ." बस्. मी घरावरून गेलो. कडी लागलेली होती. काका आत बाकावर सुई नाकाशी धरून दोरा ओवत बसले होते आणि दोरा सुईच्या शेजारून जात होता. मी आत जाऊन ओवून दिला. म्हणाले, "उद्या येणार आहेस का?" मी गेलो. दुसऱ्या आठवड्यात माझी पथारी माळ्यावर पडली.

दीड वर्ष मी त्यांचे डोळे झालोय. पीस ते बोटांनी ओळखतात, कुठल्या कोंबड्याचं, कुठल्या महिन्याचं, एकदाही चुकत नाहीत. पण रेशमाचा रंग बोटांना कळत नाही. धागा ओठात भिजवून मी उजेडाला धरतो, ते विचारतात, "कसा दिसतोय?" सुरुवातीला मी म्हणालो, "पिवळा." तर काठीच उचलली. मग एकदा तोंडातून निघून गेलं, "सफरचंदाचा. कापून पाच मिनिटं ठेवलेल्या." काकांनी धाग्यासाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "मग तोच." त्या दिवसापासून या घरात तुझेच शब्द चालतात. तुझं नाव तेवढं चालत नाही. संध्याकाळी मी लसणाचं सूप करतो, तुझ्यासारखं जमत नाही, आणि ते दर वेळी सांगतात, "तुझ्यासारखं झालंय. म्हणजे वाईट."

बिशपच्या रक्ताचा एक कोंबडा या हिवाळ्यात पिसावर आला. परवा हंगामासाठी पिसं निवडत होतो. काकांनी एक पीस अंगठ्यावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं, माझ्या हातात दिलं. "सांग." मी उजेडाला धरलं. मधाची बरणी. मी ते तसंच धरून राहिलो. ते म्हणाले, "कळलं." आणि मी बोलायला लागलो. टोपली, प्राध्यापक, सूप, दुसरी ताटली, सगळं. वाटलं होतं काठी बसेल. ते पिसं लावत राहिले. म्हणाले, "कोल्ह्यानं कोंबडा नेला की अंगणभर पिसं उडतात. या घरात बिशपचं पीस पडलं असतं तर तिनं उचलून ठेवलं नसतं? एकही दाखवलं नाही मला. ती खोटं बोलतेय हे मला त्याच दिवशी कळलं होतं." "आणि मग?" "कुणासाठी, ते तू दोरा ओवायला आलास तेव्हा कळलं." मी विचारलं, मग दीड वर्ष मला घरात कसं ठेवलंत. म्हणाले, "मला डोळे हवे होते. तुला तोंड कधी फुटतंय तेही बघायचं होतं." मग खाली बघत, जणू मला नाहीच असं, "मी तिला कडीवरून बोललो नव्हतो रे. खोटं बोलली म्हणून बोललो होतो. तेवढं सांगायचं राहिलं. मग गाडी गेली."

तर आता हे पत्र का, ते. वीस मेला लेओनच्या इस्पितळात काकांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढणार आहेत. नंतर दहा दिवस डोळ्यांवर पट्ट्या, मान हलवायची नाही, कुणीतरी उशाशी हवं. ते मी असू शकत नाही. कॉलेज सोडलेल्याला सैन्याची सक्तीची चाकरी चुकत नाही; मला बोलावणं आलंय, परवा हजर व्हायचं, दीड वर्ष. बोलावणं नसतं आलं तरी तुझी वाट मोकळी करायला मी निघालोच असतो, असं लिहिणार होतो, पण खोटं पुरे झालं. तेव्हा घरी आलीस तर मी समोर असेन का, एवढा विचार तुला करावा लागणार नाही. 'तिला ये म्हणून लिहू का' असं मी काकांना विचारलं, तर म्हणाले, "तिला नोकरी आहे. मी कोण बोलावणारा?" आणि काल दुपारी त्यांनी नव्या पिसांची एक जुडी बांधली, तीन वेढे घातले आणि माझ्यापुढे सरकवली. "ही तिला पाठव." मी मोजली. पुन्हा मोजली. म्हटलं, "काका, अकराच आहेत. चुकलात." त्यांनी ते दुधाळ डोळे माझ्याकडे वळवले. "कोण? मी?" आणि उठून कोंबड्यांकडे गेले. जुडी या पाकिटात आहे. बारावं पीस तुझ्या बाकावर आहे, उडू नये म्हणून त्याच्यावर तुझी छोटी कात्री ठेवली आहे. माझं म्हणशील तर मी काही मागत नाही; एक माशी तेवढी जुडीत खोवली आहे, मी बांधलेली. कोरडी बघून काही ठरवू नकोस. काका आत डुलकी काढतायत, गाडीला वीस मिनिटं आहेत. मागं जाऊन खुराड्याची कडी बघून आलो, लागलेली आहे. आता बाहेर पडतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादं दार न आपटता लावून घेतो.

तुझाच,
तिर्सो